दुखायची थांबली म्हणून राहून गेलेली दाढ

माझ्या वाट्याला चार अक्कलदाढा यायला हव्या होत्या. त्यातली एक मुळात तयारच झाली नाही. एक पाच मिनिटांत निघाली. एकीनं पाऊण तास घेतला आणि पुढचे दोन महिने माझी हनुवटी मलाच परकी करून टाकली. चौथी अजून जबड्यात आहे, आणि ती काढायची नाही असं सर्जननी आणि मी मिळून ठरवलंय. एकाच तोंडातल्या चार दाढा आणि चौघींची चार तऱ्हा. त्यामुळे "अक्कलदाढ काढून टाकावी का गं?" असं कुणी विचारलं की माझं उत्तर लांबतं.

सुरुवात झाली चोविसाव्या वर्षी. खाली उजवीकडे, शेवटच्या दाढेच्या मागे हिरडी फुगली. आधी वाटलं, काहीतरी टोचलं असेल. दुसऱ्या दिवशी घोट गिळताना कानात कळ जायला लागली. तिसऱ्या दिवशी तोंडात एका बोटापलीकडे काही शिरेना. घास घ्यायचा तर मान वाकडी करून, कडेनं सरकवायचा. वर तोंडाला असा काही वास की बोलताना मी आपणहून दोन पावलं मागे सरायची. आमच्या नेहमीच्या दाताच्या डॉक्टरबाईंनी छोटा आरसा आत घालून पाहिलं आणि म्हणाल्या, "आली वाटतं अक्कल!"

दाढ आली होती, पण अर्धीच. पुढचा एक कोपरा हिरडीतून वर डोकावत होता आणि बाकीच्या भागावर हिरडीची झडप तशीच राहिली होती. त्या झडपेखाली अन्नाचे कण जाऊन बसतात. ब्रश तिथं पोचत नाही, चूळ पोचत नाही, आणि हवा न लागणाऱ्या जंतूंना अशी जागा फार मानवते. मग सूज येते. सूज आली की झडप आणखी वर येते, आणि तोंड मिटताना वरची दाढ नेमकी तिच्यावर आपटते. म्हणजे सुजलेल्या जागेवर दिवसभर हातोडी. या प्रकाराला पेरिकोरोनायटिस म्हणतात. डॉक्टरबाईंनी बोथट सुईच्या सिरिंजनं झडपेखाली सलाइनचे फवारे मारून आतला ऐवज बाहेर काढला (काय निघालं ते लिहीत नाही), गोळ्या दिल्या, गरम पाण्यात मीठ टाकून गुळण्या सांगितल्या.

"आत्ताच काढून टाका ना," मी म्हटलं.

"आत्ता तुमचं तोंडच उघडत नाहीये, काढू कुठून? शिवाय सुजलेल्या जागेत भूल नीट चढत नाही. तिथं आम्ल वाढलेलं असतं, औषध हवं तसं मुरत नाही. सूज उतरू दे. मग मोठा एक्स-रे काढू आणि ठरवू."

पाच दिवसांत सूज उतरली. गरज सरो, वैद्य मरो, या न्यायानं मी काही परत गेले नाही.

पुढच्या सात वर्षांत हाच खेळ आणखी तीनदा झाला. झोप कमी झाली, ताप-सर्दी होऊन गेली, कामाचा ताण आला की ती कोपऱ्यातली हिरडी डोकं वर काढायची. मला तिची चाहूलही ओळखता यायला लागली होती. आदल्या दिवशी गिळताना एक बारीक सणक यायची. मी गुळण्या वाढवायची. एकदा तर मागच्या खेपेच्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या चार गोळ्या स्वतःच्याच अधिकारात घेऊन टाकल्या. अर्धवट घेतलेल्या अँटिबायोटिकनं काय होतं हे मी दुसऱ्या कुणाला तासभर समजावून सांगितलं असतं. स्वतःच्या दाढेपुढे शहाणपण चाललं नाही. प्रत्येक वेळी दुखणं थांबायचं आणि मला वाटायचं, मिटलं.

एकतिसाव्या वर्षी मात्र दुखत काहीच नव्हतं. गार पाणी उजवीकडून गेलं की एक शिणक यायची, तेवढंच. जेवणानंतर त्याच बाजूला काहीतरी अडकायचं, जिभेनं तासभर कोरत बसायचं. दात साफ करून घ्यायला गेले होते, सहज सांगितलं. डॉक्टरबाईंनी त्या कोपऱ्याचा छोटा एक्स-रे काढला आणि पडद्यावर बोट ठेवलं. अक्कलदाढ पुढे कललेली होती, तिचं डोकं शेजारच्या दाढेच्या कमरेत खुपसलेलं होतं, आणि जिथं खुपसलं होतं तिथं शेजारणीच्या अंगावर एक काळी सावली होती. कीड.

"अक्कलदाढेला लागलीय का?" मी विचारलं.

"नाही. सातवीला."

सातवी म्हणजे अक्कलदाढेच्या पुढची मोठी दाढ. बारा-तेराव्या वर्षी आलेली, इमानेइतबारे घास दळणारी, तोवर एकदाही तक्रार न केलेली. कानामागून आलेली तिखट तर झालीच होती, पण तिनं शेजारणीचं घरही पोखरलं होतं. इतकी वर्षं मी फक्त दुखतंय की नाही एवढंच बघत होते. त्या दोन दाढांच्या मधल्या फटीत ब्रश जाणार नाही, धागा जाणार नाही, आणि तिथं रोज काय साचतंय, याचा हिशेब कुणीच ठेवत नव्हतं. कीड बरीच आत गेल्याशिवाय दाढ बोंब मारत नाही. त्यामुळे दुखणं हा त्या कोपऱ्याचा फारच उशिरा वाजणारा भोंगा होता.

आता मोठा एक्स-रे टाळता येणार नव्हता. त्याला ओपीजी म्हणतात. यंत्रासमोर उभं राहायचं, हनुवटी टेकवायची, पुढच्या दातांत एक प्लॅस्टिकची कांडी धरायची आणि हलायचं नाही. यंत्राचा हात डोक्याभोवती फिरतो आणि पंधरा-वीस सेकंदांत दोन्ही जबडे कानापासून कानापर्यंत एका चित्रात उलगडतात. स्वतःचं ते विस्तीर्ण, दात विचकलेलं हसू पहिल्यांदा पाहताना जरा दचकायला होतं. ते घेऊन मी ओरल सर्जनकडे गेले.

सर्जन सरांनी आधी आकडे समजावले. तोंडाचे चार भाग, प्रत्येकात आठ दात. पहिला आकडा भागाचा, दुसरा मधल्या दातापासून मोजत मागे जायचा. आठवा म्हणजे अक्कलदाढ. वर उजवीकडे १८, वर डावीकडे २८, खाली डावीकडे ३८ आणि खाली उजवीकडे, म्हणजे माझं दुखणं, ४८.

२८ ची जागा रिकामी होती. पडली नव्हती, काढली नव्हती. तिचा कोंबच कधी धरला नव्हता. हे काही जगावेगळं नाही. जगभरात साधारण पाचातल्या एका माणसाला चारपैकी निदान एक अक्कलदाढ येतच नाही. अक्कल अपुरी असल्याचा पुरावा म्हणून घरी या माहितीचा पुढे बराच उपयोग झाला. जपानी भाषेत या दाढेला ज्या शब्दानं ओळखतात त्याचा अर्थ 'आईबापांना ठाऊक नसलेली' असा होतो, आणि कोरियन माणूस तिला 'प्रेमाची दाढ' म्हणतो. तिच्या येण्याचं वय, साधारण सतरा ते पंचवीस, पाहिलं तर दोघंही आपल्यापेक्षा वास्तवाच्या जास्त जवळ आहेत.

१८ पूर्ण उगवली होती, पण खाली चावायला जोडीदार नसल्यामुळे हळूहळू जरा जास्तच खाली उतरली होती. झडपेवर आपटणारी हातोडी ती हीच. ४८ गेली की हिला काही काम उरणार नव्हतं, उलट खालच्या हिरडीला ती टोचत राहिली असती. म्हणून ही पण काढायची.

सरांनी पेन ३८ वर नेलं, तेव्हा मी मनातल्या मनात तिसऱ्या दाढेची तयारी केली होती. ती तर हाडात चक्क आडवी झोपली होती. चित्रात चारांपैकी सर्वांत भयंकर तीच दिसत होती.

"ही राहू द्या," सर म्हणाले.

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"ही पूर्ण हाडात आहे. वर हाडाचं झाकण, त्यावर हिरडी. तोंडाशी हिचा संबंधच येत नाही, त्यामुळे बाहेरचे जंतू तिथं पोचत नाहीत. शेजारच्या दाढेचं मूळ शाबूत आहे. हिच्या डोक्याभोवती ही काळी रेघ दिसते ना, ती दात घडवणाऱ्या पिशवीची. न उगवलेल्या प्रत्येक दाताला असते. ती रुंद व्हायला लागली तर सिस्टची, म्हणजे आत द्रव भरलेल्या गाठीची, शंका घ्यायची. तुमची बारीक आहे. आता ही काढायची म्हटलं तर किती हाड कोरावं लागेल बघा, आणि खालून नस चाललीय. ती गप्प आहे, आपण गप्प राहू. दर दोन वर्षांनी एक एक्स-रे."

इथं माझ्या डोक्यातला एक गैरसमज मोडला. वाकडी आहे, अडकली आहे, एवढ्यावरून दाढ काढायची की नाही ते ठरत नाही. अर्धवट बाहेर आलेली, थोडीशीच कललेली दाढ जास्त उपद्व्यापी ठरू शकते, कारण तिचं दार किलकिलं असतं. ज्यांच्या अक्कलदाढा सरळ येतात, वरच्या-खालच्या एकमेकींना भेटतात आणि ज्यांच्या मागच्या बाजूपर्यंत ब्रश पोचतो, त्यांनी त्या आनंदानं वापराव्यात. बाकीच्या दाढांसारख्याच त्या दाढा आहेत.

"मग लोक विशीतच सगळ्या का काढून टाकत नाहीत?" हे मी विचारलंच, कारण माझी ताई फोनवर म्हणाली होती, "एकदाच काय ते चारी काढून मोकळी हो बाई." सर हसले. म्हणाले, यावर दाताच्या डॉक्टरांचंही जगभर एकमत नाही. विशीच्या सुरुवातीला काढणं सोपं असतं हे खरं: मुळं पूर्ण लांब झालेली नसतात, हाड लवचीक असतं, जखम पटकन भरते. तिशीनंतर हाड घट्ट होत जातं, त्रास वाढतो. अमेरिकेत बरेच सर्जन म्हणूनच लवकर काढण्याच्या बाजूचे असतात. उलट ब्रिटनमध्ये 'नाइस' या सरकारी संस्थेनं २००० साली सांगून टाकलं की ज्या अडकलेल्या दाढेला काही आजार नाही ती केवळ पुढे त्रास देईल म्हणून काढू नका. झडपेखालची सूज एकदाच, सौम्य येऊन गेली तरी लगेच काढू नका. दुसऱ्यांदा आली किंवा पहिलीच फार जोराची असली तर मात्र विचार करा. मी चौथ्या खेपेला पोचले होते.

नंतर घरी वाचताना या गोष्टीचं शेपूटही सापडलं. त्या नियमानंतर काही वर्षांनी तिथल्याच दंतवैद्यांनी दाखवून दिलं की आता रुग्ण थोराड वयात येतात, आणि येताना सातव्या दाढेची कीड सोबत घेऊन येतात. वाचताना कुणीतरी माझीच फाइल उघडून ठेवल्यासारखं वाटलं.

दोन भीत्या वाटेतच गळाल्या. आत्याचं म्हणणं, वरची दाढ काढली की नजर अधू होते. दातांची जाणीव पोचवणारी नस आणि दृष्टीची नस या दोन वेगळ्या. दातांच्या नसेची एक फांदी कपाळाकडे, डोळ्याच्या भागात जाते, तिला स्पर्श कळतो आणि वेदना कळते, पण दिसत काही नाही. दुसरी समजूत मावसबहिणीची: अक्कलदाढा मागून रेटतात आणि पुढचे दात वेडेवाकडे होतात. मलाही हे पटण्यासारखं वाटायचं. पण वयानुसार खालचे पुढचे दात थोडे दाटीवाटीनं येणं हे अक्कलदाढा नसलेल्यांनाही होतं, आणि तेवढ्यासाठी दाढ काढायला आधार नाही, असं सर म्हणाले.

तिसरी भीती मात्र गळली नाही, उलट तिला नाव मिळालं. खालच्या जबड्याच्या हाडातून एक बारीक बोगदा जातो, त्यातून एक नस जाते. खालच्या दातांची आणि त्या बाजूच्या ओठाची व हनुवटीची जाणीव ती वाहून नेते. ओपीजीत हा बोगदा दोन समांतर पांढऱ्या रेघांसारखा दिसतो. माझ्या ४८ च्या मुळापाशी वरची पांढरी रेघ तुटली होती आणि मूळ काळपट दिसत होतं. मूळ आणि नस अगदी जवळ असण्याची ही खूण. म्हणून सरांनी सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमिती स्कॅन, काढायला लावला. त्यात दिसलं की बोगदा मुळाच्या जिभेकडच्या अंगानं जातो आणि मध्ये कागदासारखं पातळ हाड आहे.

"ओठ किंवा हनुवटी काही आठवडे बधिर राहू शकते," सर म्हणाले. "शंभरातल्या मोजक्या जणांना तात्पुरतं होतं, कायमचं शंभरात एकालाही नाही. पण तुमचं मूळ जवळ आहे, त्यामुळे तुमची शक्यता इतरांपेक्षा जास्त धरा. दुसरी एक नस जिभेची, ती दाढेच्या आतल्या अंगानं जाते. तिलाही जपावं लागतं. नस मुळांना अगदीच बिलगलेली असती तर मी फक्त डोकं कापून मुळं आत ठेवली असती. तुमच्यात तसं करायची गरज वाटत नाही."

मी कॉलेजात शिकवते. दिवसाचे चार तास बोलण्यात जातात. आपलेच दात आणि आपलेच ओठ, अशी म्हण इतकी शब्दशः अंगावर येईल असं वाटलं नव्हतं. संमतिपत्रावर सही करताना 'कायमस्वरूपी बधिरता' या दोन शब्दांवर पेन थोडा वेळ थांबलं. सातवीवरची सावली डोळ्यांसमोर आणली आणि सही केली.

ठरल्या दिवशी पोटभर जेवून या असं सांगितलं होतं. जागेवरची भूल असल्यामुळे उपाशी राहायचं नव्हतं, आणि नंतर बराच वेळ काही खाता येणार नव्हतं. खालच्या जबड्याचं इंजेक्शन दाढेजवळ देतच नाहीत. जबड्याच्या उभ्या हाडाच्या आतल्या बाजूला, नस जिथं हाडात शिरते तिथं देतात. सुई लांब असते; बघू नये. टोचल्यावर दोन मिनिटांत छाती धडधडायला लागली आणि मला वाटलं, झालं, मी घाबरले. सर म्हणाले, "औषधात थोडं अ‍ॅड्रिनलिन असतं. रक्तस्राव कमी राहतो, भूल जास्त वेळ टिकते. धडधड त्याची आहे, थांबेल." थांबली. असं काही आधीच सांगून ठेवलं तर माणसाची निम्मी भीती वाचते.

भूल चढेपर्यंत दहा मिनिटं खुर्चीत पडून होते. आदल्या रात्री वाचलेलं आठवत होतं: १८४४ च्या डिसेंबरात हॉरेस वेल्स नावाच्या अमेरिकन दंतवैद्यानं नायट्रस ऑक्साइड वायू हुंगून स्वतःचीच अक्कलदाढ सहकाऱ्याकडून उपटून घेतली होती. माझ्या गालात गेलेलं लिग्नोकेन स्वीडनमध्ये १९४३ साली तयार झालं. त्यांच्या आधीच्या लोकांनी काय केलं असेल हा विचार मी तिथंच सोडून दिला. एव्हाना ओठ जाड, रबरी, दुसऱ्याचा झाला होता. सरांनी हिरडीला टोकदार काहीतरी लावून विचारलं, "टोचतंय?" नव्हतं टोचत.

"दाब कळेल, ओढ कळेल, आवाज येईल. दुखलं तर डावा हात वर करा. न दुखता वर केलात तरी मी थांबेन."

आधी १८. मला वाटलं, ते अजून हलवून बघतायत, तोवर ती ट्रेमध्ये होती. वरचं हाड मऊसर असतं, दाढ सुटी होते. वर लगेच सायनसची पोकळी असते म्हणून, पाणी पिताना नाकातून येतंय असं वाटलं तर कळवा, एवढं बजावून ते खालच्याकडे वळले.

४८ चा पाऊण तास मला तुकड्यातुकड्यांत आठवतो. हिरडी कापून बाजूला केली ते कळलंही नाही. मग ड्रिल. हाड कोरताना सतत पाण्याचा फवारा चालू होता. हाड ४७ अंशांपर्यंत मिनिटभर तापलं तरी त्याच्या पेशी मरतात, म्हणून ते थंड ठेवावं लागतं, हे मला नंतर कळलं. त्या वेळी तोंडात पाणी साचून आपण बुडणार एवढंच वाटत होतं. सहायक मुलगी सक्शनची नळी फिरवत होती आणि अधूनमधून माझ्या खांद्यावर हात ठेवत होती. तिच्या त्या हाताचा मला किती आधार वाटला, ते तिला सांगायचं राहून गेलं.

आवाजाची तयारी मात्र कुणी करून देऊ शकत नाही. तो कानातून येत नाही, थेट कवटीतून येतो. दाढ पुढे कललेली, समोर सातवी आडवी. अख्खी दाढ बाहेर यायला वाटच नव्हती. म्हणून तिचे तुकडे करायचे. ड्रिलनं मधोमध खाच पाडली, तीत एक चपटं हत्यार घालून पीळ दिला, आणि डोक्यात वाळकी फांदी मोडावी तसा कडाडकन आवाज झाला. दुखलं काहीच नाही. डावा हात तरीही वर गेला. सर खरंच थांबले.

"दाढ तुटली. तुमचा जबडा नाही," ते म्हणाले.

डोकं निघालं, मग एक मूळ, मग दुसरं. दुसऱ्या मुळाच्या वेळी खालच्या ओठात, बधिरपणाच्याही खाली, विजेची एक बारीक लहर गेल्यासारखं वाटलं. मी काही बोलले नाही. बोलण्यासारखी परिस्थितीही नव्हती. खड्डा धुतला, तीन काळे टाके घातले, गॉजची घडी दिली. "तासभर घट्ट चावून धरा. आज थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही, स्ट्रॉनं प्यायचं नाही. खड्ड्यात रक्ताची गुठळी बसेल, ती तुमची मलमपट्टी. ओढून निघाली तर उघडं हाड दुखतं, आणि ते फार दुखतं." सिगारेट ओढता का, हे त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं.

दाढेचे तुकडे मी मागून घेतले. कागदावर ठेवून जुळवले तर एवढ्याशा वस्तूनं सात वर्षं छळलं याचा रागही येईना.

त्या रात्रीबद्दल एकच सांगते: भूल उतरायच्या आत वेदनाशामक गोळी घ्या. मी "अजून दुखत नाहीये" म्हणत बसले, आणि मग गोळीचा असर चढेपर्यंतचा पाऊण तास शस्त्रक्रियेच्या पाऊण तासापेक्षा मोठा निघाला. डोकं दोन उशांवर, गालावर बाहेरून गार पिशवी, वीस मिनिटं ठेव, वीस मिनिटं काढ. लाळेत रक्त मिसळून उशीवर डाग पडला तो पाहून आई घाबरली. "अगं, केवढं रक्त गेलं!" थेंबभर रक्त लाळेत कालवलं की वाटीभर दिसतं, हे तिला पटवायला मला बोलता येत नव्हतं, कागदावर लिहून दाखवलं.

सूज दुसऱ्या दिवशी थोडी, तिसऱ्या दिवशी पुरती. गाल इतका ताणलेला की आरशात चेहऱ्याची एक बाजू दुसऱ्या कुणाची वाटावी. मग पिवळसर-हिरवा डाग गालावरून गळ्याकडे उतरला. तोंड किती उघडतंय ते मी बोटांवर मोजत होते: तिसऱ्या दिवशी एक, टाके काढले त्या आठव्या दिवशी दोन, पंधराव्या दिवशी एकावर एक तीन. तीन बोटं मावली की ठीक, असं सरांनी सांगितलं होतं. पहिला आठवडा न चावता गिळता येईल तेवढंच खाल्लं, आणि दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक खाण्यानंतर मिठाच्या कोमट पाण्यानं हलक्या गुळण्या केल्या.

चौथ्या दिवशी टॉर्च घेऊन आत पाहिलं तर खड्ड्यावर पांढरट-पिवळा थर. पू झाला, गुठळी निघाली, ड्राय सॉकेट झालं, असं स्वतःच निदान करून मी रडवेली होऊन दवाखान्यात पोचले. सरांनी पाहिलं. "हा पू नाही. जखम भरताना असा थर येतो, तोंडात खपली कोरडी होत नाही ना. दुखणं रोज कमी होतंय का?" होत होतं. "ड्राय सॉकेटमध्ये उलटं असतं. दोन दिवस बरं वाटतं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी अचानक कानापर्यंत ठणका लागतो, गोळीला दाद देत नाही. तसं झालं तर मात्र रात्रीसुद्धा फोन करा. धुऊन, लवंगतेलाचं औषध भरलं की तासाभरात उतार पडतो."

आणि हनुवटी. भूल उतरली, जीभ जागी झाली, ओठाचा बराच भाग परत आला. पण उजव्या बाजूला ओठाखाली रुपयाएवढा एक तुकडा बधिरच राहिला. स्नायू व्यवस्थित चालत होते, बोलणं नीट होतं, आरशात काही दिसत नव्हतं. फक्त तिथं पाणी ओघळलं तरी कळायचं नाही. वर्गात बोलता बोलता मी नकळत हनुवटी पुसायला लागले होते. सरांनी कापूस आणि बोथट सुई लावून त्या जागेची हद्द शोधली, पेनानं गोल काढला, फोटो घेतला. "दर आठवड्याला हेच घरी करा." मी रविवारी सकाळी आरशासमोर बसून माझ्याच चेहऱ्यावर सीमारेषा आखायची. तिसऱ्या आठवड्यात तिथं मुंग्या यायला लागल्या. हे चांगलं लक्षण, नस जागी होतेय, असं सर म्हणाले. पण मुंग्या येतायत याचा आनंद होणं ही विचित्रच गोष्ट. गोल आक्रसत गेला. नवव्या आठवड्यात आखायला काही उरलं नाही.

सातवीचं म्हणाल तर अक्कलदाढ गेल्यावर तिच्या मागच्या अंगाला पहिल्यांदाच हत्यार पोचलं. कीड वाटली त्यापेक्षा खोल होती. नुसतं सिमेंट भरून भागलं नाही, रूट कॅनाल करून टोपी बसवावी लागली. चोविसाव्या वर्षी सूज उतरल्यावर तो मोठा एक्स-रे काढला असता तर ही दाढ बहुधा आज धडधाकट असती. डॉक्टरबाईंनी हे बोलून दाखवलं नाही. त्यांनी फक्त माझ्या जुन्या कार्डावरची सात वर्षांपूर्वीची ओळ उलटी फिरवून माझ्यापुढे धरली: 'सूज उतरल्यावर ओपीजी'.

परवा ३८ ची दोन वर्षं भरली. यंत्रासमोर उभी राहिले, कांडी चावली, हात फिरला. सरांनी जुनं आणि नवं चित्र पडद्यावर शेजारीशेजारी लावलं आणि त्या काळ्या रेघेची जाडी दोन्हीकडे मोजली. तेवढीच. ती तशीच आडवी झोपली होती.

"आणखी दोन वर्षांनी," सर म्हणाले. या वेळी मी तारीख तिथंच लिहून घेतली.